कुठला पैसा कुठल्या कामाला: प्रयोगाधारित संशोधनाच्या अर्जांच्या नोंदी, सांगली

३ जून

कामाची मांडणी. नाट्य आणि संगीत शिकवणाऱ्या प्राध्यापकांची तीन संशोधनं हातात आहेत. तिन्हींचं उत्तर ग्रंथालयात मिळणारं नाही, ते तालमीत किंवा हातात वाद्य घेऊनच मिळेल.

(अ) बतावणी. ढोलकीफडाच्या तमाशात गण-गौळण झाली की सोंगाड्या आणि त्याचा जोडीदार आयत्या वेळी बोलणं रचतात. त्या रचण्याला काही हाड आहे का, आणि ते नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला तालमीतून देता येतं का? सांगलीजवळच्या कवलापूरनं काळू-बाळूंची जोडी दिली. या भागात जुने सोंगाडे अजून भेटतात, म्हणून काम इथंच.

(ब) भावे पद्धत. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. त्या पद्धतीत पदं सूत्रधार म्हणे आणि गद्य पात्रं स्वतःच्या मनानं बोलत. त्यातला एक प्रवेश तसाच उभा करून पाहायचा.

(क) जवारी, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीचा माथा घासून तारेचा नाद गुंजता करणं. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर नेमकं काय ऐकतो, आणि गाणाऱ्याला ते ऐकू यायला लागलं तर षड्ज लावण्यात काय बदलतं.

आजचा निर्णय: एका संशोधनाला एकच अनुदान शोधायचं नाही. संशोधनाला पैसे देणारे शोधनिबंध किंवा ग्रंथ मागतात, त्यांना ढोलकीवाल्याचं मानधन ‘कार्यक्रमाचा खर्च’ वाटतो. कलेला पैसे देणारे प्रयोग मागतात, त्यांना सहा महिन्यांचं लिप्यंतर, म्हणजे बोलणं ऐकून लिहून काढणं, ‘विद्यापीठाचं काम’ वाटतं. दोघंही आपापल्या नियमाला धरून असतात. तेव्हा कामाचेच तुकडे पाडायचे: फिरती, कलावंतांचं मानधन, तालमीची जागा, मुद्रण (ध्वनी आणि चित्र दोन्हींचं), लिहिण्याचा वेळ, दाखवण्याचा कार्यक्रम, जतन. ज्या पैशाला जो तुकडा चालतो, तो त्याच दारी न्यायचा.

६ जून

याद्यांची सफाई. महाविद्यालयांतून फिरणाऱ्या याद्या जुन्या आहेत. पहिल्या फेरीत गेलेली नावं अशी. यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोगाचं) जुनं मायनर रिसर्च प्रोजेक्ट, कारण ते पंचवार्षिक योजनांबरोबर चालायचं आणि बारावी योजना २०१७ ला संपली. बर्लिनच्या फ्राय विद्यापीठातलं प्रयोगकलांचं संशोधन केंद्र २००८ ते २०१८ एवढंच चाललं. इटलीतली चिविटेला रानिएरी ही रेसिडेन्सी, म्हणजे कलावंताला काही काळ राहून काम करायची जागा, तिथं अर्ज करताच येत नाही, नामांकनानंच बोलावतात. अमेरिकेतल्या मॅकडॉवेल रेसिडेन्सीला नाटक आणि संगीत दोन्ही चालतं, पण पदवीचा अभ्यासक्रम चालू असलेल्याला प्रवेश नाही. म्हणजे पीएच.डी.चं कोर्सवर्क अजून पूर्ण न झालेल्या प्राध्यापकानं ती वाट सोडायची.

यूजीसीनं २०२२ मध्ये सेवेतल्या प्राध्यापकांसाठी दोन वर्षांचं दहा लाखांचं अनुदान आणलं, पण पाच विद्यार्थ्यांना पीएच.डी.चं मार्गदर्शन आणि दोन अनुदानित प्रकल्प पूर्ण ही अट आहे. संलग्न महाविद्यालयातला नाट्य-संगीताचा शिक्षक तिथवर क्वचितच पोचलेला असतो. यादीत ठेवलं, पुढं ‘सध्या नाही’ असं लिहून.

नव्या तक्त्याचे रकाने: पैसा कुणाच्या खात्यावर येतो (व्यक्ती की संस्था), कशावर खर्च करता येतो, वर्षातून कधी येतो, बदल्यात काय द्यायचं, अर्ज कुठल्या भाषेत. रक्कम मुद्दाम शेवटच्या रकान्यात. रक्कम आधी पाहिली की माणूस बाकीच्या अटी सैल डोळ्यांनी वाचतो.

परदेशी रेसिडेन्सींसाठी चार ठिकाणं पंधरवड्यातून एकदा बघायची: ऑन द मूव्ह, ट्रान्सआर्टिस्ट्स, रेस आर्टिस आणि आशिया-युरोप फाउंडेशनचं कल्चर३६०. चारही फुकट आहेत. ‘फी भरा, संधी कळवू’ म्हणणाऱ्या सेवांची गरज नाही.

११ जून

केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची ज्युनियर आणि सीनियर फेलोशिप. काम सीसीआरटी या मंत्रालयाच्याच प्रशिक्षण केंद्रामार्फत चालतं, अर्ज ऑनलाइन. ज्युनियर २५ ते ४० वयासाठी, महिना १०,००० रुपये. सीनियर चाळिशीच्या पुढं, महिना २०,०००. दोन्ही दोन वर्षांच्या. सहामाही हप्ते, पुढचा हप्ता प्रगती अहवाल गेल्यावर. म्हणजे सीनियरला एकूण ४,८०,०००, पण एका वेळी हातात १,२०,०००.

हा पैसा व्यक्तीच्या खात्यावर येतो, त्यामुळे संस्थेच्या लेखा विभागातून जावं लागत नाही. जवारीच्या (क) कामाला तो बरोबर बसतो: खर्च लहान, सतत आणि विखुरलेला. आठवड्यातून दोनदा मिरज, कारागिराच्या वेळेचं मानधन, तारा, घोडीवर तारेखाली घालायचा दोरा, ध्वनिमुद्रण. बतावणीला मात्र बसत नाही, कारण तिथं दहा दिवसांत एकदम पैसे लागतात.

अर्ज कुठं पडतात: विषय ‘शिकणं’ म्हणून लिहिला तर. फेलोशिप संशोधनासाठी आहे, तालीम घेण्यासाठी नाही. ‘जवारी लावायला शिकणार’ हे वाक्य बाद. ‘एकाच तंबोऱ्याच्या घोडीवर टप्प्याटप्प्यानं केलेल्या वीस बदलांचं ध्वनिमुद्रण, प्रत्येक बदलाआधी कारागीर काय म्हणाला त्याची नोंद, आणि त्याच तंबोऱ्यावर तीन गायकांचा षड्ज’ हे चालतं. काम तेच आहे, पण दुसऱ्या वाक्यात पाहणाऱ्याला काय मोजलं जाणार ते कळतं.

वय नोटिशीत दिलेल्या तारखेला मोजतात, अर्ज भरण्याच्या दिवशी नव्हे. चाळिशीच्या काठावरच्यांनी आधी ती तारीख शोधायची.

टागोर नॅशनल फेलोशिप याच मंत्रालयाची, महिना ८०,०००. तिथं मंत्रालयाच्या यादीतल्या संस्थेशी जोडून घ्यावं लागतं. संग्रहातल्या सामग्रीवर काम असेल तरच विचार करावा. आपल्या तिन्हींना नाही.

१७ जून

तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचा प्रश्न वेगळा लिहून ठेवतो, कारण नाट्य-संगीत विभागांत सर्वांत जास्त प्रयोग हेच लोक करतात आणि अर्जाच्या पहिल्याच रकान्यात अडतात. ‘नियमित नियुक्ती’ मागणाऱ्या सगळ्या योजना त्यांना बंद. व्यक्तीला पैसे देणाऱ्या योजना उघड्या. म्हणून तक्त्यात ‘नियुक्ती लागते का’ हा सहावा रकाना वाढवला. हो असेल तर लाल खूण, म्हणजे त्यांचा वेळ तरी वाया जाणार नाही.

पीएच.डी. चालू असेल तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती आपापल्या प्रवर्गाप्रमाणे. तिथं प्रयोगाचा खर्च बसत नाही, पण घर चालतं, आणि घर चाललं तर संशोधनाला दिवस मिळतो.

२३ जून

बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स. संस्था १९९३ ची, अनुदानं १९९५ पासून. आर्ट्स रिसर्च आणि आर्ट्स प्रॅक्टिस असे वेगळे कार्यक्रम आहेत. व्यक्तीला पैसे मिळतात, नियुक्ती लागत नाही, आणि प्रस्ताव भारतीय भाषेत पाठवता येतो. मराठीत विचार करणाऱ्या माणसाला मराठीत लिहायची मुभा ही फार मोठी गोष्ट आहे. ‘बतावणी’, ‘रंगबाजी’, ‘झील’ या शब्दांना इंग्रजीत आणलं की निम्मा प्रश्नच गळून पडतो.

पण मराठीत पाठवायचा म्हणजे सैल लिहायचं असं नव्हे. बतावणीच्या मसुद्याचं पहिलं वाक्य होतं: ‘तमाशा ही महाराष्ट्राची लोप पावत चाललेली लोककला असून तिचं जतन करणं ही काळाची गरज आहे.’ काढून टाकलं. त्यात प्रश्न नाही, आणि जे लोक आजही फड घेऊन गावोगाव जातात त्यांना आपण जिवंतपणी निवापांजली देतो. त्याजागी आलं: ‘सोंगाड्या जोडीदाराला “काय म्हणालास?” असं परत विचारतो, तेव्हा तो प्रेक्षकाला हसायला वेळ देत असतो की स्वतःला पुढचं सुचायला?’ याचं उत्तर तालमीतच मिळेल, आणि वाचणाऱ्यालाही ते जाणून घ्यावंसं वाटेल.

पुढं रीत लिहिली. एकच विषय, तीन प्रकारे: ढोलकी-हलगीच्या साथीनं, साथ काढून, आणि जोडीदाराच्या जागी विद्यार्थी ठेवून. प्रत्येकी तीन फेऱ्या. दर फेरीनंतर सोंगाड्याला मुद्रण दाखवून त्याच्या तोंडून ऐकायचं. तो सांगतो ते ‘माहिती’ म्हणून परिशिष्टात नाही, विश्लेषण म्हणून मुख्य मजकुरात, त्याच्या नावानिशी.

२८ जून

मंत्रालयाचीच सांस्कृतिक कार्यक्रम आणि निर्मिती अनुदान योजना. परिसंवाद, कार्यशाळा, निर्मिती, लहान संशोधन, सगळं बसतं. साधारण कमाल मर्यादा पाच लाख, आणि मंजूर खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत. उरलेले २५ टक्के अर्जदाराचे. संस्थेला एनजीओ दर्पण (स्वयंसेवी संस्थांची सरकारी नोंद) क्रमांक आणि पीएफएमएस (सरकारी पैसे वाटपाची प्रणाली) नोंदणी आधीच हवी.

यातली खरी अडचण आकडा लिहून पाहिल्याशिवाय कळत नाही. बतावणीचा अंदाज ४,००,०००. अनुदान ७५ टक्के म्हणजे ३,००,०००, स्वतःचे १,००,०००. अनुदानही दोन हप्त्यांत: आधी ७५ टक्के म्हणजे २,२५,०००, उरलेले ७५,००० हिशेब दिल्यावर. म्हणजे काम पूर्ण करून हिशेब देईपर्यंत संस्थेला १,७५,००० रुपये पदरचे घालून बसावं लागतं. हे न मोजता अर्ज केला की मंजुरी आल्यावर पहिली कात्री कलावंतांच्या मानधनाला लागते, कारण तेवढेच लोक गप्प बसतात.

संस्थेचा १,००,००० चा वाटा कागदावर रोखच दाखवायचा. वर्गखोली, ध्वनियंत्रणा, शिक्षकांचा वेळ यांची किंमत लावून ‘वाटा’ दाखवायची सवय आहे, पण अशी धरलेली किंमत हिशेबात सुटी पडते, तिची पावती नसते.

मंजुरीपत्राच्या आधीच्या तारखेची पावती खर्चात धरली जाणार नाही, असं समजूनच वेळापत्रक करायचं.

४ जुलै

बतावणीचा अंदाज ओळीओळीनं:

सोंगाड्या, सरदार, मावशी, ढोलकी, हलगी, तुणतुणं, झील: सात जण, दहा दिवस, रोज १,५००: १,०५,०००
ज्येष्ठ सोंगाड्या, मार्गदर्शक म्हणून, दहा दिवस, रोज ४,०००: ४०,०००
चहा-जेवण, सोळा जण, दहा दिवस, माणशी २००: ३२,०००
सहा विद्यार्थ्यांचा प्रवास, रोज १००: ६,०००
तालमीची जागा, दहा दिवस, २,००० प्रमाणे: २०,०००
कलावंतांची गाडी, दहा दिवस, २,५०० प्रमाणे: २५,०००
दोन कॅमेरे आणि ध्वनिमुद्रण, भाड्यानं, दहा दिवस, ६,००० प्रमाणे: ६०,०००
डिस्क तीन, ७,००० प्रमाणे: २१,०००
लिप्यंतर, निवडक बारा तास, मुद्रणाच्या तासाला १,५००: १८,०००
प्रात्यक्षिकाचा कार्यक्रम, सभागृह, ध्वनी, प्रकाश: ४५,०००
पुस्तिका ३०० प्रती, ६० प्रमाणे: १८,०००
हिशेब तपासणी: १०,०००
एकूण ४,००,०००

कॅमेरा विकत घ्यायची ओळ नाही. बहुतेक अनुदानांत यंत्रसामग्रीची खरेदी बसत नाही, भाडं बसतं. ‘किरकोळ’ आणि ‘अनपेक्षित’ या ओळीही काढल्या. अशा ओळींवर पहिली लाल रेघ येते.

लिप्यंतराचा दर जास्त वाटतो, पण कमी करायचा नाही. बतावणीत दोघं एकमेकांचं वाक्य तोडतात, मध्ये हलगी पडते, वर हशा. तासाभराच्या मुद्रणाला अख्खा दिवस जातो.

आणि ज्येष्ठ सोंगाड्याचा दर प्राध्यापकाच्या व्याख्यानाच्या मानधनाच्या तोडीचा ठेवला आहे. या प्रकल्पात जाणकार तोच आहे. अंदाजपत्रकात त्याला ‘स्थानिक कलाकार’ म्हणून २०० रुपये भत्ता लावणं म्हणजे सगळ्या संशोधनाचा पायाच खोटा करणं.

९ जुलै

हंगामाचा मेळ. फड दसऱ्याला बाहेर पडतात आणि यात्रा-जत्रा आटोपेपर्यंत, म्हणजे उन्हाळ्याअखेर, फिरत असतात. कलावंत घरी असतात ते पावसाळ्यात. त्याच चार महिन्यांत हात रिकामे असतात आणि पुढच्या हंगामाची उचल फडमालकाकडून घेतलेली असते. सरकारी पैसा मात्र मार्चअखेरीस येतो. त्या वेळी सोंगाड्या यात्रेत असतो, आणि त्याला दहा दिवस थांबवायचं तर त्याच्या सुपाऱ्या बुडतात.

म्हणून प्रस्तावात तालमीचे दहा दिवस जूनअखेर ते ऑगस्ट या काळातच लिहायचे आणि कारण स्पष्ट द्यायचं. पैसा मार्चमध्ये आला तर आधी मुद्रणाची उपकरणं ठरवणं, जुन्या मुद्रणांचा शोध, विद्यार्थ्यांची तयारी, आणि जूनमध्ये तालीम. मुदत ३१ मार्चला संपणारी असेल तर तो पैसा या कामाला नाही, असं धरायचं. अट सोसायची म्हणून मार्चमध्ये दोन दिवसांत उरकलेली तालीम कुणालाच काही शिकवत नाही.

१५ जुलै

अर्जाच्या ऑनलाइन नमुन्यात मजकूर भरताना आलेले दोष.

जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात टाइप केलेला मसुदा नमुन्यात चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा खच दिसतो. रूपांतर केलं की रफार उडी मारतो: ‘मर्यादा’चं ‘मयार्दा’, ‘कर्ता’चं ‘कतार्’. जोडाक्षरं सुटतात. स्पेलिंग तपासणारं साधन हे पकडत नाही, कारण तुटलेला शब्दही त्याला अनोळखी आणि तमाशातला शब्दही अनोळखी. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं पडद्यावर बघायचं. दुसरा उपाय नाही.

अक्षरमर्यादा. ‘२,००० कॅरेक्टर’ म्हणजे दोन हजार अक्षरं नव्हेत. ‘किती’ आपल्याला दोन अक्षरं, यंत्राला चार, कारण वेलांट्या वेगळ्या मोजल्या जातात. ‘प्रयोग’ डोळ्यांना तीन, यंत्राला सहा. मराठी मसुदा इंग्रजी अंदाजानं लिहिला तर शेवटचा परिच्छेद न सांगता कापला जातो, आणि शेवटी बहुधा पद्धतच लिहिलेली असते. मर्यादेच्या नव्वद टक्क्यांवर थांबायचं.

फाइलींची नावं मात्र इंग्रजी लिपीत, जागा न सोडता. देवनागरी नावाच्या फाइली काही ठिकाणी उघडतच नाहीत.

नाव. महाविद्यालयाच्या नोंदीत आडनाव आधी, आधारवर नाव आधी, पॅनवर वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर, लग्नानंतर आणखी एक. चारही कागद शेजारी ठेवून जुळवायचे आणि ते अर्ज करण्याच्या तीन महिने आधी.

२४ जुलै

संमतीपत्र. प्रयोग करणाऱ्याचा हक्क कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या कायद्याच्या ३८ व्या कलमात आहे आणि तो पन्नास वर्षं चालतो. मुद्रण महाविद्यालयानं केलं म्हणून सादरीकरण महाविद्यालयाचं होत नाही. म्हणून संमती पाच वेगवेगळ्या चौकटींत घेतली: मुद्रण करायला, विश्लेषणासाठी लिहून काढायला, वर्गात दाखवायला, संग्रहात ठेवायला, इंटरनेटवर टाकायला. पाचवी नाकारून बाकीच्या चार देता येतात, हे आधी तोंडी सांगायचं. बतावणीत गावातल्या माणसांची नावं घेऊन थट्टा असते. फडाच्या राहुटीत ते चालतं, इंटरनेटवर गेलं की सोंगाड्यालाच त्या गावात पाय ठेवता येत नाही. पाचव्या चौकटीवर जोर करायचा नाही.

साठवण. ५० मेगाबिट प्रतिसेकंद वेगानं एका कॅमेऱ्याचा तास २२.५ जीबी. दोन कॅमेरे, रोज तीन तास, दहा दिवस: साठ तास, १,३५० जीबी. आठ मार्गिकांचं ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, तीस तास: सुमारे १२५ जीबी. दोन टीबीची एक डिस्क पुरते. तीन प्रती, म्हणून तीन डिस्क.

तिसरी प्रत सांगलीबाहेर. कृष्णेची धोक्याची पातळी आयर्विन पुलाला ४५ फूट आहे आणि २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तळमजल्यावरचं कपाट हे जतन नव्हे. कोल्हापूरही नको, तिथं पंचगंगा त्याच दिवसांत चढते. जत किंवा पुणे. अर्जातल्या ‘जतन’ रकान्यात हेच लिहिलं, कारण ते खरं आहे आणि विचार केल्याचं दिसतं. दीर्घकाळासाठी गुरुग्रामचं एआरसीई, अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं १९८२ पासूनचं ध्वनिसंग्रह केंद्र. संमतीच्या अटींसह सामग्री ठेवण्याबाबत पत्र तयार केलं.

२ ऑगस्ट

देशातल्या रेसिडेन्सी. पुदुच्चेरीजवळचं आदिशक्ती, वीणापाणी चावला यांनी उभारलेलं, तालमीसाठी जागा आणि राहणं. भावे पद्धतीच्या (ब) कामाला योग्य: सूत्रधार, विदूषक, चार पात्रं, सगळ्यांनी एकत्र राहून रोज आयत्या वेळचं बोलणं घासायचं. सांगलीत राहून सहा प्राध्यापक-विद्यार्थी रोज चार तास एका खोलीत मिळत नाहीत, तास, परीक्षा, घर मध्ये येतं. या कामाला खरी गरज पैशाची कमी आणि सलग दिवसांची जास्त.

सिमल्याची उच्च अध्ययन संस्था लेखनासाठी. तिथं प्रयोग होणार नाही, ग्रंथ द्यावा लागतो. तालमी झाल्यावर, सामग्री हातात असताना जायचं. आधी गेलं तर सोबत नेण्यासारखं काही नसतं.

महाविद्यालयाकडून रजा: दिवाळी आणि उन्हाळी सुट्टी धरून आखलं तर प्राचार्यांच्या पातळीवर निपटतं. सत्रात महिनाभर जायचं तर संस्था, मग सहसंचालक कार्यालय. ना हरकत पत्राला दोन महिने धरायचे, आणि बदली शिक्षक कोण, तासांची भरपाई कधी, हे अर्जातच लिहून द्यायचं. तेवढं लिहिलं की कागद परत फिरत नाही.

१३ ऑगस्ट

परदेशी वाटा, थोडक्यात. फुलब्राइट-नेहरूची प्राध्यापकांसाठीची फेलोशिप: प्रयोगकला बसते, अर्ज वर्षाच्या सुरुवातीला उघडून साधारण जुलैत बंद. परतल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची व्हिसाची अट आधी वाचायची. चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट: ब्रिटनमधल्या लहान संशोधनभेटींना मदत. प्रो हेल्वेशिया, म्हणजे स्विस कला परिषद, तिचं दिल्लीला कार्यालय आहे: तीन महिन्यांची रेसिडेन्सी किंवा चार आठवड्यांपर्यंतची संशोधनभेट. तंबोऱ्याच्या कामाला संशोधनभेटच बरी.

या सगळ्यांना यजमानाचं पत्र वजन देतं, आणि ते पत्र दोन ओळींचं ‘आम्हाला आनंद होईल’ असं असून भागत नाही. पत्रात हवं: कुठली खोली किंवा स्टुडिओ, किती तास, कुठल्या व्यक्तीबरोबर काम, खर्चातलं त्यांच्याकडून काय. असं पत्र मागायचं तर आपणच एक पानाचा कार्यक्रम आधी पाठवायचा. पहिल्या ईमेलपासून सहीच्या पत्रापर्यंत तीन-चार महिने जातात.

पैसा संस्थेच्या खात्यावर घ्यायचा नाही. परदेशी देणगी घ्यायला एफसीआरए नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेच्या खात्यावर घेऊन आपल्याकडं वळवणंही चालत नाही. साधा मार्ग: तिकीट आणि राहणं यजमानानंच परस्पर भरायचं. सरकारी संस्थेतल्या नोकरदारानं परदेशी पाहुणचारासाठी पूर्वपरवानगीचा नियम तपासायचा.

२१ ऑगस्ट

तंबोरा विमानानं न्यायचा तर. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण सीमाशुल्काच्या खिडकीवर त्यानं काही सोपं होत नाही.

घोडी कशाची आहे ते कारागिराकडून लिहून घ्यायचं. जुन्या वाद्यांत सांबराच्या शिंगाची घोडी असते, तिची निर्यात बंद आहे. बदलून घ्यायची, आणि बदलली की जवारी पुन्हा, त्याला दिवस धरायचे. शिसवी खुंट्या: तयार वाद्यांना २०१९ च्या नोव्हेंबरपासून साइट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परवान्यातून सूट आहे. सुटा लाकडाचा तुकडा नेला तर सूट नाही, म्हणून जादा खुंट्या घडवलेल्याच न्यायच्या. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला जायचं असेल तर भोपळा, चामडं, लाकूड सगळं जाहीर करावं लागतं, संबळ किंवा हलगी नेणाऱ्यानं तर नक्कीच.

एटीए कार्नेट हा सीमाशुल्काचा कागद फिक्की या उद्योग-व्यापार महासंघाकडून मिळतो. त्यात वाद्य तात्पुरतं नेऊन परत आणतो हे नोंदलं जातं, परतताना आयातशुल्काचा प्रश्न उरत नाही.

बांधणी: तारा दीड-दोन सूर उतरवायच्या, पूर्ण सैल करायच्या नाहीत. भोपळ्याभोवती सगळीकडून सारखा आधार, एका बाजूला दाब आला तर तिथंच तडा जातो. युरोपातल्या हिवाळ्यात खोल्या तापवलेल्या आणि कोरड्या असतात, तबली आखडते, जवारी बदलते. या संशोधनाला ते नुकसान नाही, तो प्रश्नाचाच भाग आहे. खोलीची आर्द्रता मोजणारं साधं यंत्र सोबत, आणि रोज त्याच वेळी एक मिनिट मुद्रण. प्रस्तावात ही ओळ घातली.

शेंगेन व्हिसाला ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. अंदाजपत्रकात विसरलेली ओळ ही हमखास.

४ सप्टेंबर

नमुना चित्रफीत. सगळे अर्जदार सर्वांत रंगलेला तुकडा पाठवतात, टाळ्यांसह. संशोधनाच्या अर्जाला तो कामाचा नाही. चार मिनिटांची नवी फीत जोडली. पहिला दीड मिनिट: विद्यार्थी जोडीदार म्हणून उभा, सोंगाड्या थांबतो, विद्यार्थी घाईनं उत्तर देतो, बतावणी पडते. मग चाळीस सेकंद: सोंगाड्या त्याला सांगतो, ‘तू ऐकलंस हे आधी दिसू दे, मग बोल.’ मग तोच विषय पुन्हा, या वेळी विद्यार्थी डोळे मिचकावत दोन मात्रा थांबतो आणि हलगी त्या जागेत पडते. प्रश्न, दुरुस्ती, फरक, तिन्ही दिसतात.

कॅमेरा एकच, न हलणारा, दोघांचे पाय दिसतील इतका लांब. संवाद कळण्यासाठी खाली इंग्रजी ओळी, पण हशा पडतो तिथं ओळ अर्धा सेकंद उशिरा, नाहीतर परीक्षक विनोद आधीच वाचून मोकळा होतो. दुव्याला संकेतशब्द, आणि तो अर्जात जिथं दुवा आहे तिथंच लिहायचा.

२२ सप्टेंबर

हिशेबाचे कागद पैसा यायच्या आधीच छापायचे. मानधनाचं व्हाउचर: नाव, भूमिका, दिवस, दर, रक्कम अंकात आणि अक्षरात, सही किंवा अंगठा, साक्षीदार. ५,००० च्या वर एक रुपयाचं महसूल तिकीट. एका कलावंताचं दहा दिवसांचं एकच व्हाउचर नको. रोज संध्याकाळी त्या दिवसाचं मानधन द्यायचं आणि त्या दिवसाची सही घ्यायची. उचल फेडणाऱ्या माणसाला शेवटी एकदम मिळणाऱ्या रकमेचा उपयोग नाही, आणि तीन महिन्यांनी सही आणायला फड शोधत फिरावं लागत नाही.

सरकारी अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र जीएफआर (केंद्राचे सर्वसाधारण वित्तीय नियम) १२-ए नमुन्यात, सनदी लेखापालाच्या सहीनं. अडकतं ते एका जागी: मंजुरीपत्रातली ओळ आणि हिशेबातली ओळ यांची नावं वेगळी असली की. मंजुरीत ‘मानधन’ असेल तर हिशेबात ‘कलावंत खर्च’ लिहायचं नाही. एका ओळीचे वाचलेले पैसे दुसऱ्या ओळीला वापरायचे तर खर्चाच्या आधी लेखी परवानगी.

१७ ऑक्टोबर

दसरा झाला, फड बाहेर पडले. बतावणीच्या तालमी आता पुढच्या जूनमध्येच, कलावंतांशी तारखा तोंडी पक्क्या, मंजुरी आल्यावर लेखी. निर्मिती अनुदानाचा अर्ज तयार, संस्थेच्या १,७५,००० ची तरतूद ठराव करून घेतली, ठरावाची प्रत जोडली. बंगळुरूचा मराठी प्रस्ताव दुसऱ्यांदा मोठ्यानं वाचून झाला, दोन रफार सापडले.

त्या दोन अर्जांत खर्चाची पुनरुक्ती नको म्हणून वाटणी: तालमी, मानधन आणि कार्यक्रम सरकारी अनुदानात, फिरती, जुन्या मुद्रणांचा शोध आणि लिहिण्याचा वेळ बंगळुरूच्या प्रस्तावात. लिप्यंतराचे बारा तास इकडं, उरलेले अठरा तिकडं. दोन्ही अर्जांत दुसऱ्या अर्जाचा स्पष्ट उल्लेख.

भावे पद्धतीच्या प्रात्यक्षिकासाठी सांगलीतली सभागृहं ५ नोव्हेंबरच्या, म्हणजे रंगभूमी दिनाच्या, आगेमागे मिळणार नाहीत आणि मिळाली तरी सगळे नाटकवाले दुसरीकडं गुंतलेले. जानेवारीचा दुसरा आठवडा धरला. तोवर सूत्रधाराची पदं बसवायची आणि पात्रांना संवाद लिहून द्यायचे नाहीत.